दुसऱ्या माळेतले दोन दिवे

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणतोय, पण हात धजावत नव्हता. एक तर विषय माझ्या कामाचा, म्हणजे निम्म्या मंडळींना पहिल्या परिच्छेदातच जांभया येणार. आणि दुसरं म्हणजे यात मी घरातल्या एका मोठ्या माणसावर चारचौघांत ओरडलो होतो. ते कबूल करायचं तर जरा जड जातं. पण घरचे बरेच जण इथे वाचतात, आणि त्यातले काही त्या दिवशी देवळासमोर हजरही होते. तेव्हा एकदाचं लिहून मोकळा होतो.

आमचं गाव तुळजापूरहून नळदुर्गकडे जाताना रस्ता सोडून थोडं आत. जिल्हा धाराशिव. (आजीच्या पेटीतल्या कागदांवर अजून उस्मानाबाद. २०२३ साली नाव बदललं म्हणून जुने कागद रद्द होत नाहीत, ते वाचावेच लागतात. हा मुद्दा पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.) गावात देवीचं छोटं देऊळ आहे. नवरात्राच्या आदल्या रात्री गावातली पोरं तुळजापूरला जाऊन ज्योत घेऊन पळत येतात, अनवाणी. आणि त्या ज्योतीच्या स्वागताला देवळासमोर लायटिंगची कमान उभी असते. ती कमान म्हणजे आमचे आप्पा.

आप्पा माझे धाकटे चुलते. धंद्यानं वायरमन. लग्नसराईत आणि जत्रेत लायटिंग. माझ्या लहानपणी ते सहा व्होल्टचे छोटे दिवे एका रांगेत जोडून माळ करायचे. २३० व्होल्ट भागिले सहा, म्हणजे ३८ दिवे, वर एकदोन जास्त. भागाकार मी शाळेच्या आधी आप्पांच्या ओट्यावर शिकलो म्हणा ना. त्या माळेचं दुखणं सगळ्यांना माहीत आहे. एक दिवा गेला की सगळी माळ गेली. मग मला एक चांगला दिवा हातात देऊन बसवायचे. एकेक दिवा काढायचा, त्या जागी चांगला लावायचा, माळ पेटते का बघायचं. पेटली की मी ओरडायचो आणि आप्पा वहीत काहीतरी लिहायचे. काय लिहितात ते मी कधी विचारलं नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण सगळी गोम तिथेच आहे.

आता त्या माळा गेल्या. आता पिक्सेल. प्रत्येक दिव्याच्या आत एक चिमुकली चिप असते आणि लाल, हिरवा, निळा असे तीन रंग. तीनच तारा: एक पाच व्होल्टची, एक अर्थिंगची आणि एक निरोपाची. तीनशे दिवे असले तरी निरोपाची तार एकच, आणि तरी प्रत्येक दिवा वेगळ्या रंगात लावता येतो. हे कसं, असं आईनं मला विचारलं होतं. तिला जे सांगितलं तेच इथे सांगतो.

पंगत बसते तेव्हा पत्रावळ्यांचा गठ्ठा पहिल्याच्या हातात देतात. तो वरची एक काढून घेतो, उरलेला गठ्ठा शेजारच्याकडे सरकवतो. शेजारचा वरची एक घेतो, उरलेल्या पुढे. दिवेही असंच करतात. तारेवरून शून्य-एकची रांग येते. पहिला दिवा त्यातले पहिले २४ ठेवून घेतो, एकेका रंगाला आठ, आणि बाकी सगळं पुढच्याला देतो. दुसरा त्याला आलेल्यातले पहिले २४ घेतो. एका शून्याला किंवा एकाला सव्वा मायक्रोसेकंद लागतो. म्हणजे एका दिव्याला ३० मायक्रोसेकंद, तीनशे दिव्यांना ९ मिलिसेकंद. डोळ्याला काही कळत नाही.

यातली गंमत बघा. या दिव्यांना इंग्रजीत जे नाव आहे त्याचा अर्थ 'पत्ता असलेले दिवे' असा होतो. पण आत पत्ता कुठेच नसतो! आपण कितवे हे दिव्याला माहीतच नाही. त्याची रांगेतली जागा हाच त्याचा पत्ता. मधला एक उठून गेला, की त्याच्यापुढच्या सगळ्यांचे पत्ते एकदम बदलतात. आणि कोणी तक्रारही करत नाही, कारण कोणालाच काही माहीत नसतं.

आता माझं काम. मी पुण्यात लिनक्सवर चालणाऱ्या छोट्या बोर्डांसाठी ड्रायव्हर लिहितो. ड्रायव्हर म्हणजे कर्नल आणि एखादं यंत्र यांच्या मधला दुभाष्या. आपण काँप्युटरला माउस जोडतो तेव्हा माउस स्वतःच सांगतो, मी अमुक. यूएसबीवरच्या वस्तू बोलक्या असतात. पण बोर्डावर झाळलेल्या पुष्कळशा वस्तू मुक्या असतात, आणि दिव्यांची माळ तर ठार मुकी. तिच्याकडून उलट निरोप येतच नाही. मग कर्नलला कळणार कसं, की तारेच्या टोकाला काय आहे, किती आहे? त्यासाठी एक साधी मजकुराची फाइल लिहितात. तिला डिव्हाइस ट्री म्हणतात. मूळ कल्पना जुनी आहे, १९९४ सालच्या ओपन फर्मवेअरच्या मानकातली. एआरएमच्या प्रत्येक बोर्डासाठी कर्नलमध्ये वेगळा प्रोग्रॅम लिहून लिहून इतका पसारा झाला, की २०११ साली खुद्द लिनस टोरवाल्ड्स वैतागले, आणि त्यानंतर एआरएमची मंडळी झपाट्यानं या फायलींकडे वळली.

आपल्या भाषेत सांगायचं तर डिव्हाइस ट्री म्हणजे हार्डवेअरचा सातबारा. गट नंबर काय, क्षेत्र किती, विहीर आहे का, पीक काय. पुढच्या वर्षी ऊस लावायचा विचार आहे हे सातबारावर लिहीत नाहीत. जे आहे तेवढंच. डिव्हाइस ट्रीचाही पहिला नियम हाच: हार्डवेअर कसं आहे ते लिहा, ते वापरून काय करणार ते लिहू नका. आणि एकदा त्यातले शब्द ठरले की सहजासहजी बदलता येत नाहीत, कारण जुन्या बोर्डांवर जुन्या फायली असतात आणि नव्या कर्नललाही त्या वाचता आल्या पाहिजेत. पेटीतल्या उस्मानाबादसारखं.

असो. तर २०२४ चं नवरात्र. ३ ऑक्टोबरला घटस्थापना. मी आप्पांना आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं, यंदा कमान मी करतो. आप्पांकडे कार्ड घालून चालणारा साधा तयार कंट्रोलर होता, काही शे रुपयांचा, आणि तो उत्तम चालत होता हे आधीच कबूल करतो. पण मला हौस. मी लिनक्सचा बोर्ड घेतला, फावल्या वेळात ड्रायव्हर लिहिला. या दिव्यांना शून्य आणि एक कळतात ते तार किती वेळ चढी राहिली त्यावरून, आणि लिनक्स दहा कामांत गुंतलेला, त्याला इतकी बारीक वेळ पाळणं जमत नाही. म्हणून ते काम एसपीआय नावाच्या मंडलाकडे दिलं. त्याची वेळ पक्की. दिव्यासाठीचा प्रत्येक शून्य-एक त्याच्या तीन-तीन ठोक्यांत पाठवायचा: शून्य म्हणजे १००, एक म्हणजे ११०. हे सगळं टेबलावरच्या पट्टीवर झकास चाललं.

मग माळेची फाइल लिहायला बसलो. इथे एक प्रश्न पडतो, आणि तो वाटतो तितका साधा नाही. तीनशे दिवे फायलीत कसे मांडायचे? २०२० साली लिनक्सच्या ५.९ आवृत्तीत अनेकरंगी दिव्यांची सोय आली. त्या पद्धतीनं जायचं तर प्रत्येक दिव्याची एक नोंद आणि तिच्या पोटात लाल, हिरवा, निळा अशा तीन. तीनशे दिव्यांच्या झाल्या बाराशे नोंदी. उलट झेफिर नावाची एक छोटी प्रणाली आहे, तिच्यात अख्ख्या माळेला एकच नोंद असते: चेन-लेंग्थ, म्हणजे दिवे किती, आणि कलर-मॅपिंग, म्हणजे रंग कुठल्या क्रमानं. दोन ओळींत विषय संपला.

मला दुसरी पद्धत आवडली. राउटरवर चार दिवे असतील, एक वीज आल्याचा, एक वायफायचा, तर प्रत्येकाला नाव हवं, कारण प्रत्येकाचं काम वेगळं. कमानीतल्या दोनशे बाराव्या दिव्याला कसलं नाव? म्हणून पुण्यात खुर्चीत बसून मी लिहिलं: दिवे ३००, रंगांचा क्रम हिरवा-लाल-निळा. पन्नास-पन्नासच्या सहा माळा आहेत हे आप्पा फोनवर म्हणाले होते. क्रम माझ्या टेबलावरच्या पट्टीचा होता. झालं काम, म्हटलं.

कमान अशी ठरली होती, की दोन्ही पायथ्यांकडून एकेक केशरी ज्योत पळत वर जाईल आणि बरोबर मधे, कळसाच्या खाली, दोन्ही भेटतील. डावीकडे तीन माळा, उजवीकडे तीन. संध्याकाळी घट बसले, आरती झाली, मी बटण दाबलं. ज्योत निघाली. पोपटी! म्हणजे अक्षरशः पोपटी. उजवीकडे मधल्या माळेत तेवढी केशरी व्हायची, बाहेर पडली की पुन्हा पोपटी. आणि भेटल्या कुठे? कळसाखाली नाही, दोन दिवे उजवीकडे सरकून. पोरं हसायला लागली. आप्पा कमानीकडे बघत एवढंच म्हणाले, "मोजलास का रं?"

मी म्हटलं, "मोजायचं काय त्यात आप्पा? सहा पन्नास तीनशे."

रात्री अकरापर्यंत बसून मी ते नीट केलं. कसं केलं ते बघा. फायलीला हात लावला नाही. प्रोग्रॅममध्ये घुसवलं: डाव्या बाजूचे दोन दिवे कमी धर, सगळीकडे लाल-हिरव्याची अदलाबदल कर, फक्त इतक्या नंबरपासून इतक्या नंबरपर्यंत करू नको. असं का, हे कुठेही लिहिलं नाही. दिसायला लागलं ना बरोबर? मग झालं. ज्योती कळसाखाली भेटल्या. मी झोपलो, आणि खरं सांगायचं तर जरा छातीही फुगली होती.

आमच्याकडे नवरात्राचे दिवस माळेनं मोजतात. घटावर रोज एक फुलांची माळ चढते, म्हणून पहिली माळ, दुसरी माळ. तर तिसऱ्या माळेला संध्याकाळी ज्योती पुन्हा चुकल्या. आता कळसाच्या डावीकडे. मी वर बघितलं तर डावीकडची मधली, म्हणजे दुसरी माळ, नवी कोरी दिसत होती. आप्पांनी दुपारी बदलली होती. आरतीला जमलेली माणसं, पाहुणे, गावातली पोरं, सगळी समोर. आणि मी ओरडलो, "आप्पा, तुम्हाला हात लावायला कुणी सांगितलं होतं? कळत नाही तर लावू नये ना हात!"

आप्पा काही बोलले नाहीत. शिडी उचलली आणि देवळामागे ठेवायला निघून गेले. वयाच्या पाचव्या वर्षापासून त्या माणसानं मला दिवे शिकवले, आणि त्याला मी म्हटलं, कळत नाही तर. माईनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती अजून डोळ्यासमोर आहे.

रात्री जेवताना आप्पा नव्हते, देवळातच थांबले होते. काकूनं ताट वाढलं आणि ताटाशेजारी एक वही ठेवली. म्हणाली, "त्यांनी लिहून ठेवलंय सगळं. वाच की जरा."

लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, हिशेबाची वही. शेवटच्या लिहिलेल्या पानावर कमान होती. पेन्सिलीनं काढलेली, पायथ्यापासून कळसापर्यंत, आणि सहा माळा. प्रत्येकीपुढे नोंद. पहिली, सोलापूर, ५०. दुसरी, सोलापूर, उंदरानं कुरतडली, दोन दिवे काढून जोडली, ४८. तिसरी ५०. चौथी ५०. पाचवी, दुसरीकडून आणलेली, ५०, 'रंग उलटा'. सहावी ५०. आणि त्याखाली त्या दिवसाची ओळ: दुसरी काढली, जोड तापत होता, नवी लावली, ५०.

जोड तापत होता. समोर कापडाचा मंडप, खाली पोरंबाळं. त्यांनी हात लावला म्हणून माझ्या ज्योती दोन दिवे सरकल्या, आणि हात लावला नसता तर काय झालं असतं ते लिहीत नाही.

मी ती वही बराच वेळ धरून बसलो होतो. मला जी फाइल लिहायची होती, ती लिहिलेली होती. माझ्याहून चांगली. किती माळा, कुठल्या क्रमानं, कुठल्या जातीच्या, प्रत्येकीत दिवे किती, आणि कुठे काय बदललं. मी जगभरची कागदपत्रं वाचून आलो होतो, 'जे आहे ते लिहा' हा नियम कामावर नव्या पोरांना शिकवत होतो, आणि स्वतः घरात बसून पीकपाहणी केली होती. शेतात तूर, कागदावर ऊस. २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली, त्यात शेतकऱ्याला शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. का, ते मला त्या रात्री कळलं.

आणि दुसरी चूक त्याहून मोठी. फाइल खोटी आहे हे पहिल्या रात्री कळलं, तेव्हा मी ती खरी केली नाही. खोटेपणा तसाच ठेवून प्रोग्रॅममध्ये दुसरा खोटेपणा लपवला. वस्तू बदलली की माणूस फाइल बघतो. माझ्या पोटातलं गणित कोण बघणार?

देवळात गेलो. आप्पा ओट्यावर बसून वायरचे तुकडे गुंडाळत होते. "आप्पा, चुकलं माझं," म्हटलं. ते म्हणाले, "जेवलास का?" आमच्याकडे माफीनामा एवढाच असतो.

मग लॅपटॉप तिथेच ओट्यावर उघडला. एका नोंदीच्या सहा नोंदी केल्या. एकेका दिव्याला नाव देण्याची गरज नव्हती हे माझं म्हणणं मला अजूनही पटतं. पण अख्ख्या रांगेला एकच आकडा हेही बरोबर नव्हतं. हाताला लागते ती माळ. विकत मिळते ती माळ, जळते ती माळ, बदलायची ती माळ. मग नोंद माळेची हवी: कितवी, दिवे किती, रंगांचा क्रम काय. आप्पा वहीतून वाचत होते आणि मी टाइप करत होतो. पाचवीशी आल्यावर ते थांबले. "हिचा रंग उलटा."

"उलटा नाही आप्पा, हिचा हिरवा आधी आहे. बाकीच्यांचा लाल आधी."

"मग तसं लिही. उलटा म्हणजे कुणाच्या उलटा?" असं म्हणून त्यांनीही वहीत खोडून 'हिरवा आधी' लिहिलं.

मग त्यांनी मला टॉर्च दिला आणि खांबाकडे बोट दाखवलं. "चल, मोज." मी म्हटलं, वहीत आहे की. तर म्हणाले, "वही माझी हाय. मी बी चुकत आसंन." आप्पा आयुष्यभर टेस्टर लावल्याशिवाय कुठल्या तारेला शिवले नाहीत. कुणी लाख सांगो बंद आहे म्हणून. सांगितलेलं बंद वेगळं आणि बघितलेलं बंद वेगळं, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. रात्री साडेअकराला मी कमानीखालून दिवे मोजत गेलो, एक ते तीनशे. तीनशेच होते.

प्रोग्रॅममधलं ते सगळं गणित काढून टाकलं. ते काढताना जितकं बरं वाटलं तितकं लिहिताना वाटलं नव्हतं. आता डावीकडे किती, उजवीकडे किती हे प्रोग्रॅम फायलीतल्या नोंदींची बेरीज करून काढतो. चौथ्या माळेला ज्योती कळसाखाली भेटल्या, केशरी. कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. बरोबर चाललेल्या लायटिंगकडे कोण बघतं? :-)

एक मात्र आप्पांनी बदलायला लावलं. मी सगळे दिवे पूर्ण पांढरे करून दाखवले, तर शेवटच्या माळा पिवळट पडल्या. एक दिवा पूर्ण पांढरा केला की साधारण ६० मिलिअँपिअर खातो. तीनशेचे झाले १८ अँपिअर, आणि ते बारीक तारेतून शेवटपर्यंत पोचेपर्यंत व्होल्टेज उतरतं. हे मी समजावून सांगायला लागलो तर आप्पा म्हणाले, "कॅनॉलच्या शेपटाला पाणी कमीच आसतंय." आणि दोन ठिकाणी पाच व्होल्टची जाड तार मधूनच जोडून टाकली. मग तेही फायलीत गेलं, शेरा म्हणून. कर्नल शेरे वाचत नाही. पण पुढच्या वेळी शिडीवर चढणारा वाचेल.

२०२५ चं नवरात्र २२ सप्टेंबरला बसलं, आणि त्याच दिवसांत परांडा-भूम भागात पुरानं काय केलं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. गावानं ठरवलं, यंदा कमान नको. वर्गणी जमेल ती तिकडे पाठवायची. देवळात समई आणि दारात दोन ट्यूबलाइट, एवढंच. मीही गेलो नाही.

पण घटस्थापनेच्या रात्री आप्पांचा फोन आला. मला वाटलं काही अडलंय. तर म्हणाले, "पेटारा उघडला हुता, माळा उन्हाला दाखवाव्या म्हनून. एकेक लावून बघितली. पाचवीतला शेवटचा दिवा गेलाय. काढला. एकोणपन्नास लिही."

मी म्हटलं, "आप्पा, यंदा लावायची नाहीये ना कमान?"

"लावायची न्हाई. पन हाय ती एकोणपन्नास."

फोन ठेवून फाइल उघडली आणि लिहिलं. ४९, हिरवा आधी.